वस्तऱ्याची धार आणि भोपळा

ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला आणि कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही, त्या वस्तादांना आता घरात सुरीला हात लावायची बंदी होती. हात थरथरायचे ना. चहासुद्धा अर्धाच कप मिळायचा, सांडेल म्हणून. सून हे सगळं काळजीपोटी करायची, पण त्या अर्ध्या कपाचा वस्तादांना मनस्वी राग यायचा.

सून डबे करून द्यायची. भाज्यांचा हा ढीग, आणि सुऱ्या अशा की टोमॅटो चिरतोय की चेचतोय ते कळू नये. म्हणून मुलानं धार लावायचं यंत्र आणलं. सुरी पकडीत घट्ट बसवायची, दांड्याला लावलेला दगड तिच्यावर पुढेमागे फिरवायचा. कोन एकदा ठरवला की दांडा तो सोडत नाही.

"ही कुबडी लंगड्याला द्या," वस्ताद म्हणाले.

पण दुपारी घर रिकामं झाल्यावर स्वारी यंत्रापुढे हजर. हात थरथरत होता, पण दगडाचा कोन ढळत नव्हता. वस्तादांना इतका आनंद झाला की ते एकटेच हसत बसले. सवयीनं त्यांनी कोन वस्तऱ्याचा ठेवला, दगड पात्याला जवळजवळ सपाट टेकलेला. पातं टेकवताच मनगटावरचे केस फुंकर मारल्यासारखे उडाले.

संध्याकाळी सुनेनं ती सुरी लाल भोपळ्यावर चालवली आणि धारेचे तुकडेच पडले. पात्याची करवत झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"राहू द्या, बाबा. मी नवीन आणते," ती म्हणाली आणि यंत्र कपाटावर ठेवून दिलं. ती चिडली असती तर परवडलं असतं.

वस्ताद कूस बदलत राहिले. मग त्यांनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. गाढवा, भोपळ्याला काय दाढी असते?

सकाळी त्यांनी यंत्र मागितलं. "एकदाच. नाही जमलं तर पुन्हा सुरीचं नाव काढणार नाही."

सून हाताची घडी घालून समोरच उभी राहिली. वस्तादांनी आधी पात्याचे दाते घासून सपाट केले. मग दांडा चांगला वर चढवून कोन ठरवला, म्हणजे धार जाड आणि दणकट राहील. एक बाजू घासली, दुसऱ्या बाजूनं अंगठा फिरवून बारीक खरखर लागते का, म्हणजे घासणं काठापर्यंत पोचलं का, ते पाहिलं, मगच सुरी उलटली. शेवटी दुकानातला जुना चामडी पट्टा काढून सुरी त्याच्यावर फिरवली.

"घे. आधी भोपळाच चीर."

भोपळ्याचे दोन भाग झाले. सुनेनं पातं उजेडात धरून पाहिलं. कुठे खोच नाही, काही नाही. टोमॅटोची चकती तर इतकी पातळ पडली की तिच्यातून खिडकी दिसली. मग ती सगळा ढीग चिरत सुटली. वस्ताद खुर्चीत ऐसपैस बसून तो आवाज ऐकत होते.

ढीग संपला तशी तिनं घरातल्या सगळ्या सुऱ्या आणल्या आणि मुठी त्यांच्याकडे करून पुढे केल्या. "बाबा, ह्यांनाही लावा. कात्रीला जमेल?"

"कात्रीचं तंत्र वेगळं. बघू."

मग चहा आला. कप काठोकाठ भरलेला. वस्तादांनी उचलला तसा थोडा बशीत सांडला. सून पाहत होती, पण फडकं घेऊन धावली नाही. वस्तादांनी आधी बशीतला प्यायला, चांगला आवाज करून, आणि मग कपातला.