मिरियमबाईंच्या पायाखालची मॅट

मित्रांनो, मी एक जुनी योगा मॅट आहे. मूळची जांभळी. आताचा रंग कृपया विचारू नका.

मी सुकापूरला मिरियमबाईंकडे असते. त्या एकदा बाथरूममध्ये पडल्या, तेव्हा इस्रायलहून मुलाचा, अवीचा फोन आला. पुन्हा पडलीस तर घर बंद करायचं नि माझ्याकडे यायचं. बाईंना जायचं नव्हतं. म्हणून मला आणलं. संथ श्वास, संथ हालचाली आणि शेवटी एका पायावर उभं राहणं.

सुरुवातीला बाई मला गुणाची म्हणायच्या. पण हवेपुढे माझं काय चालणार? गच्चीवर उन्हानं मी इतकी मऊ नि चिकट व्हायचे की त्यांनी पाय उचलला की मीही सोबत उठायचे. घरात घामाची घसरगुंडी. खिडकी उघडून दीर्घ श्वास घ्यावा, तर समोरच्या नव्या टॉवरचं सिमेंट नाकात.

दमट हवेनं मला वास यायला लागला. शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी मला गच्चीच्या कठड्यावर टाकलं. बाई ज्यू, शनिवार त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या कामाला हात लावत नाहीत. शेजारच्या भामाताईंना हे पक्कं ठाऊक. मॅट मोकळीच आहे म्हणून त्यांनी माझ्यावर जवळा वाळत घातला. दिवसभर.

बाईंच्या धर्मात बिनखवल्याची मासळी वर्ज्य, जवळाही त्यातच. आता त्याच वासावर उभं राहून मन शांत करायचं होतं. साबणानं घासूनही माझा वास हटेना, आणि रविवारी अवीला व्हिडिओवर तोल दाखवायचा होता.

बाईंनी गच्चीवर फोन कुंडीला टेकवला, पाय उचलला. तेवढ्यात जवळ्याच्या वासानं मांजरं आली. एकानं माझा कोपरा दातात धरून ओढला. मी फरशीला जिवाच्या आकांतानं धरून होते, मित्रांनो, पण सुटले. गच्चीवरच असलेल्या भामाताई धावल्या, त्यांनी बाईंना कमरेला धरलं, आणि दोघी माझ्यावर आदळल्या.

“मम्मी, पडलीस ना?” अवी म्हणाला.

“पडली नाय, बसली,” भामाताई म्हणाल्या. “मी पन बसलेय.”

अवीनं दोघींना स्क्रीनवर नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, तुझं तिकीट बघतो.

“दोन बघ,” मिरियमबाई म्हणाल्या. “तिथे मला कमरेला कोण धरणार?”

तिकीट अजून एकही आलेलं नाही. बाई रोज पाय उचलतात, भामाताई शेजारी बसून मांजरं हाकलतात. मला सावलीत वाळवा, मित्रांनो, एवढंच मागते. आणि कुणी एका पायावर उभं दिसलं, तर जरा जवळ थांबा. मी एकटी पुरत नाही.