शिवेपल्याड

रावजीनं नारळाची शेंडी देवाकडे करून तो पायरीवर ठेवला, टोपी सारखी केली, आणि सून दर्शना मध्येच बोलली.

"मामा, त्या बाँबचा पन घाला आज गाऱ्हान्यात."

गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराला ऐन वेळी टोकायची रीत नाही. पण आज दर्शनाला कोणी काही म्हटलं नाही. तिचा नवरा, रावजीचा एकुलता एक संदेश, आखातात तेलाच्या जहाजावर होता आणि चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तिकडे दोन देश अणुबाँबच्या गोष्टी करत होते. गोष्टी कसल्या, बांधावरून पेटलेल्या भावकीसारखे कोयते परजून उभे होते.

"आपल्या देवाला तिकडचा काय सांगायचा?" रावजी म्हणाला. "पाली गावाच्या फुडं त्याला कोन वलकतंय?"

"तिकडचा तिकडं नाय ऱ्हात. शेवटच्या फोनात ह्ये बोललं, धूर वर जाऊन सूर्व्याला झाकनार. वर्सान्वर्सा. मग हितं पन भात व्हायचा नाय."

रावजीनं वर पाहिलं. ऊन चांगलं कडक होतं. एरवी तो हसला असता, आज हसू आलं नाही.

गाऱ्हाणं आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून त्याच्याकडे आलेलं. आजोबांनी त्यात प्लेग घातला, बापानं मुंबईतल्या चाकरमान्यांची रखवाली, त्यानं स्वतः करोना. संकट कुठलंही असो, शेवट एकच, शिवेबाहेर घालव. पल्याडच्या गावानंही तेच मागितलं, म्हणून करोना बिचारा शिवेवरच येरझारा घालत राहिला, असं तो नंतर गमतीनं सांगायचा.

"बा देवा म्हाराजा," त्यानं सुरुवात केली. "आज जी तुजी लेकरा हितं जमल्यात, त्यांची रखवाली कर."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"जो कोन पोटासाटी भायर गेलाय, त्याच्या पाटीशी ऱ्हा."

"व्हय म्हाराजा." दर्शनाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"आनि ह्यो जो काय बाँब हाय, त्याची जी काय इडापिडा आसंल, ती..."

रावजी थांबला. पुढचे शब्द तोंडात तयार होते. तीस वर्षांत ते कधी अडले नव्हते. शिवेच्या भायर घालव. पण शिवेबाहेर संदेश होता. आणि आत ठेव म्हणावं, तर इथे ही सगळी माणसं पोरंबाळं कडेवर घेऊन उभी होती. तिसरी जागा त्याला सुचेना. देवासमोर उभं असताना त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

"ती, म्हाराजा..." तो म्हणाला.

लोकांना वाटलं, झालं.

"व्हय म्हाराजा," सगळं गाव एका सुरात म्हणालं. गुरवानं पुढे होऊन नारळ फोडला, आणि माणसं प्रसादासाठी सरकली.

दर्शना तेवढी हात जोडून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली.