वाटीवाले बाबा आणि हरवलेला गुलाबचंद

"चालली वो माय, चालली!"

साकोलीतल्या भैयाजी कापगत्यांच्या छपरीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ऊन भाजून काढत होतं, तरी अर्धी गल्ली तिथं लोटली होती. कारणही तसंच होतं. चकचकीत फरशीवर पितळेची एक पालथी वाटी, डोक्यावर जळता कापूर घेऊन, कुणाचाही हात न लागता सरकत होती.

वाटीमागे तेजराम, म्हणजेच वाटीवाले बाबा, मंत्र पुटपुटत चालले होते. वाटी थबकली, पुन्हा सरकली आणि कोपऱ्यात नालीजवळ बसलेल्या मनकर्णाबाईच्या पायाशी जाऊन थांबली. मनकर्णाबाई या घरची धुणीभांडी करणारी बाई.

"सापडला चोर!" बाबा गरजले.

चोरी झाली होती ती एका प्राण्याची. भैयाजींच्या बारा वर्षांच्या रुचिकाला मामानं नागपूरहून एक अ‍ॅक्सोलॉटल आणून दिला होता. हा मूळचा मेक्सिकोचा, बेडकाचा दूरचा नातेवाईक. पांढरंशुभ्र अंग, चार इवले पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी झालरीसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखं तोंड. रुचिकानं त्याचं नाव ठेवलं गुलाबचंद. त्या सकाळी काचेच्या टाकीत पाणी होतं, गोटे होते, गुलाबचंद नव्हता. पोरगी रडून रडून लाल झाली, आणि तिच्या आजीनं, सुंदरबाईंनी, बाबांना बोलावणं धाडलं.

"तो साधा मासा नव्हता," बाबा सांगत होते. "जलदेवतेचं धाकटं लेकरू होता तो! मेक्सिको म्हणजे पाताळ. आपल्या पायाखाली सरळ खोदत गेलं का मेक्सिको लागते. आज दिवस बुडायच्या आत वापस नाही आला, तर या घरची विहीर आटली म्हणून समजा!"

विहिरीचं नाव निघताच सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. भैयाजी मान खाली घालून म्हणाले, "मनकर्णाबाई, देऊन टाक वापस. मी पोलिसात नाही जात."

"भैयाजी, नऊ वर्षं झाली मले या घरात," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याच्यासाठी बांधावरून गांडुळं कोण आणते? मीच आणतो ना? मी कायले नेऊ त्याले?"

"वाटी खोटं बोलते का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मी शेजारचा, शाळेत विज्ञान शिकवणारा मेश्राम. कापूर विझताच पुढे झालो आणि वाटी उचलून पाहिली. दोरा नाही, लोहचुंबक नाही, चाकं नाहीत. वाटी गरम होती, एवढंच. कबूल करतो, क्षणभर माझीही मती गुंग झाली.

"पाहा, पाहा मास्तर!" बाबा हसले. "पुस्तकात नाही भेटत हे."

तेवढ्यात मनकर्णाबाई उठली. डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, अजून एक डाव चालवा. पर मी इथून उठतो. माह्या जागेवर तुम्ही बसा."

"देवाची परीक्षा घेऊन राहिली का वो? मंत्र दिवसातून एकदाच लागते."

"मंग मी बिनमंत्राची चालवतो."

ती स्वयंपाकघरात गेली. सुंदरबाईंचीच रोजची पितळी वाटी उकळत्या पाण्यात बुडवून, चिमट्यानं धरून घेऊन आली. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि वाटी पालथी ठेवून हात मागे घेतले.

वाटी निघाली! ना कापूर, ना मंत्र. तोच रस्ता, तोच कोपरा. आता तिथं, उठताना मनकर्णाबाईनं आपल्या जागेवर ठेवलेली, बाबांची झोळी होती. वाटी झोळीला जाऊन टेकली.

"बाबाच चोर हाय!" गर्दी ओरडली. दोघे झोळीवर तुटून पडले. बाबांचा चेहरा वाटीपेक्षा पिवळा पडला.

"थांबा!" मी ओरडलो. "बाबा लबाड आहेत, पण गुलाबचंद त्यांनी नेला असं वाटीनं कुठं सिद्ध केलं? मघाशी वाटीवर विश्वास ठेवून चुकलात, आता पुन्हा तेच?"

लोक वरमले. मनकर्णाबाईनं फरशीकडे बोट दाखवलं. "मी रोज ही फरशी पुसतो. सारं पानी नालीकडंच जाते, उतार हाय तिकडं. बाबानं आल्या आल्या पानी शिंपडलं, कुठं वाहते ते पाहिलं, अन् मंग मले म्हणे, तू त्या कोपऱ्यात बस. अन् गरम वाटी ओल्या ओट्यावर पालथी घातली का पळते, हे भांडी घासणाऱ्या कोणत्याही बाईले विचारा!"

आता मला सगळं लख्ख दिसलं. वाटी तापली की आतली हवा फुगते. फुगलेली हवा बाहेर पडू पाहते आणि वाटीची कड किंचित उचलते. ओली कड, गुळगुळीत फरशी आणि थोडा उतार. वाटीला आणखी काय हवं? कापूर देवासाठी नव्हताच, तो वाटी तापवायला होता. मी हे समजावून सांगेपर्यंत बाबांनी चपला हातात घेऊन गल्ली गाठली होती.

"पर माहा गुलाबचंद?" रुचिकाला पुन्हा रडू फुटलं.

"सकाळी झाकण कोणी उघडलं होतं?" मी विचारलं.

"मीच. बरफाची बाटली टाकली. त्याले थंड पानी लागते ना, सर. बंद करायचं राहिलं वाटते."

"टाकीजवळची फरशी सकाळी ओली होती," मनकर्णाबाई म्हणाली. "मी पुसली. तिथून कूलरवरही शितोडे होते."

"मंग सांगितलं काहून नाही?" भैयाजींनी विचारलं.

"मले कोणी विचारलं? वाटीले विचारलं सर्वांनी."

टाकी गारव्यासाठी कूलरला खेटूनच टेबलावर ठेवली होती. नवं गवत बसवायचं म्हणून भैयाजींनी कूलरची एक बाजू काढून ठेवली होती. रुचिकानं आत वाकून विजेरी मारली आणि अशी किंचाळली, की सुंदरबाईंनी छातीला हात लावला. कूलरच्या टाकीत, पंपाच्या आडोशाला, गुलाबचंद निवांत पडून होता. उघड्या झाकणातून उडी मारली ती थेट तिथं. रुचिकानं त्याला अलगद पाण्यानं भरलेल्या गंजात घेतलं. एका कल्ल्याची झालर जरा चुरगळली होती, बाकी हसू तसंच.

"जलदेवता पावली!" सुंदरबाई म्हणाल्या.

"आजी, मनकर्णाकाकू पावली," रुचिका म्हणाली.

भैयाजी हळूच मनकर्णाबाईजवळ गेले. "चुकलं माहं, बाई."

"असं कानात नोका सांगू. चोर म्हणताना सारी गल्ली होती."

भैयाजी ओशाळले, पण बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मनकर्णाबाईनं काही चोरलं नाही. मी चुकलो. मी तिची माफी मागतो." गर्दीतली काही माणसं चपला शोधू लागली. ज्यानं "वाटी खोटं बोलते का" म्हटलं होतं, त्याला त्याची सापडता सापडेना.

वाटीला तोंड नसतं. तिच्या नावानं बोलतो तो माणूस. त्याच्या एका बोटानं नऊ वर्षांची इभ्रत घटकाभरात मातीत जाऊ शकते. त्या दिवशी वाचली, कारण एका बाईनं आपल्या रोजच्या कामातून शिकलेलं शहाणपण मंत्राला घाबरून सोडलं नाही. तुमच्याकडेही असं शहाणपण आहेच. तेव्हा कुणी तुमच्यासमोर वाटी चालवली, तर हात जोडण्याआधी एवढंच करा: बाबाला म्हणा, जरा जागा बदलून बसू.