मत काकांचे, ‘बरोबर’ बाईंचे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना असलो तरी कान माझे अजून तिखट आहेत. कारखान्यात एका बाईंनी माझ्यासमोर ‘एक, दोन, तीन’ म्हटले, मी ते त्यांना परत ऐकवले आणि त्या हसल्या. जन्मल्याबरोबर कौतुक झाले, आणखी काय हवे?

मला घरी आणले ते एका लेखिकाबाईंनी. त्या साप्ताहिकासाठी लोकांच्या मुलाखती घेत. समोरचा माणूस बोलता राहावा म्हणून दर वाक्याला मान डोलवून ‘बरोबर, बरोबर’ म्हणायची त्यांना सवय. लाजरीबुजरी माणसेही त्याने सैल होत. लिहिताना मात्र भाजीचे देठ टाकावेत तशी बाई ती सगळी ‘बरोबर’ काढून टाकत.

एकदा बाईंचे मनगट मुरगळले आणि टेप ऐकून लिहायचे काम भाचीकडे आले. भाची कमालीची प्रामाणिक. तिने माझा शब्द न् शब्द उतरवला. त्या आठवड्याचे पाहुणे होते मोटार शिकवणारे काका. बायकांच्या हाती बस देऊ नये, त्यांना ती झेपत नाही, असे ते म्हणाले होते. त्याखाली बाईंचे ‘बरोबर, बरोबर’. तसेच छापून आले.

आणि बाईंची धाकटी नणंद बस चालवते.

रोज संध्याकाळी चहाला येणारी नणंद येईनाशी झाली. बाई सवयीने दोन कप मांडत आणि एक तसाच उचलून ठेवत. मला फार वाईट वाटे. त्या दोघींचे हसणे माझ्या कितीतरी कॅसेटींत शिरलेले आहे.

शेवटी बाई मला पिशवीत घालून तिच्या घरी गेल्या.

“लोक काय बोलतात त्याला मी काय करू? मी नुसती विचारते,” बाई म्हणाल्या.

“त्यांच्या बोलण्याचा राग नाहीच मला, वहिनी. तुम्ही ‘बरोबर’ का म्हणालात?”

बाई म्हणाल्या, “मत त्यांचं, पण ‘बरोबर’ माझं. चुकले मी.”

नणंदेने चहा ठेवला, पण एका अटीवर. काकांना पुन्हा बोलवायचे आणि तिनेही समोर बसायचे.

काका आले, मी फिरू लागलो. त्यांनी तेच पालुपद लावले. बाईंच्या ओठांवर ‘बरोबर’ आले होते. ते गिळून त्यांनी विचारले, “का?”

काका चाचरले. “का म्हणजे... बाईच्या बसमध्ये मी कधी बसलोच नाही.”

“मग उद्या माझ्या बसमध्ये बसा,” नणंद म्हणाली.

काका खरेच बसले. मी पिशवीत, पिशवी बाईंच्या मांडीवर. उतरताना काका म्हणाले की वळणे झकास घेतली, पण एका बाईवरून सगळ्यांचे सांगता येत नाही. बाईंनी तेही छापले आणि खाली ‘मला हे पटत नाही’ असे स्वतःचे वाक्य जोडले. काका रागावले नाहीत. खात्री करून घ्यायची म्हणून पुन्हा त्याच बसने फिरून आले, आणि या वेळी काकूंना घेऊन.

आता बाईंकडे खिशात मावणारे यंत्र आहे आणि मी कपाटावर असतो. मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा. न पटणारी माणसेही जरूर ऐका, पण मान डोलवताना ती तुमची आहे हे विसरू नका.

संध्याकाळ झाली. खाली दोन कप वाजताहेत. नणंद म्हणते आहे, “बरोबर ना, वहिनी?” आणि बाई विचारताहेत, “का?” दोघी हसत सुटल्या आहेत. कुणीतरी पटकन वर चढून माझे लाल बटण दाबा ना.