खमीसूमामाचं बसणं

कराचीचे टीव्हीवाले आमच्या गावात नाटकाचं शूटिंग करायला आले. गोष्ट एका जुलमी वडेऱ्याची, म्हणजे जमीनदाराची होती. तो पलीकडच्या तालुक्यातला असणार, असं आमच्या वडेऱ्याने, हाजन खानाने, गृहीत धरलं आणि आपली बैठक, चार खाटा आणि माझा खमीसूमामा एवढं सामान त्यांना वापरायला दिलं.

मामाला ताकीद होती. काही बिघडलं, तर तो कसत असलेली कालव्याकाठची जमीन दुसऱ्याला जाणार. त्या जमिनीखेरीज मामाकडे फक्त खोकला होता.

काम सोपं होतं. मामाने खाटेवर बसायचं आणि नाटकातला वडेरा आला तरी उठायचं नाही. बंड एवढंच.

नट आला, मामा उठला. नट पुन्हा आला, मामा पुन्हा उठला, या वेळी हात जोडून. दिग्दर्शकाने समजावलं की हा वडेरा नाही, याचं कराचीत औषधांचं दुकान आहे. मामाने समजल्यासारखी मान डोलावली आणि औषधवाल्यासाठीही उठला.

"साहेब, मी कुठे उठतोय," तो थकून म्हणाला. "गुडघे उठतात."

दुपारपर्यंत आम्ही बघे पण दमलो, कारण नट आला की आम्हीही उठत होतो.

शेवटी मामाला सुतळीने खाटेला बांधलं, वरून अजरकची शाल पांघरली. मी आणि माझा भाऊ खाटेखाली पालथे पडून तिचे पाय धरून राहिलो. नट आला. खाट हलली, पण उठली नाही. बंड पार पडलं.

नाटक लागलं त्या संध्याकाळी अख्खा गाव वडेऱ्याच्या बैठकीत. तो खाटेवर, आम्ही जमिनीवर. पडद्यावर वडेरा आला तसे आम्ही सवयीने उभे राहिलो. बसून होता तो एकटा पडद्यावरचा मामा.

हाजन खानाने पडद्याकडे पाहिलं, मग दाराशी हात जोडून उभ्या असलेल्या मामाकडे.

"खमीसू, तू बसलायस?"

"साईं, बांधलेला आहे."

हाजन खान बराच वेळ विचार करत राहिला. तोवर पडद्यावरच्या वडेऱ्याने एक झोपडी जाळून घेतली.

"मग हरकत नाही," तो म्हणाला. जमीन राहिली. त्याने हातानेच बसायची खूण केली.

आम्ही बसलो. मामाला मात्र वेळ लागला. कोणी तरी बांधायला येईल, अशी वाट बघत असल्यासारखा तो उभाच होता.