वादीतलं निर्माल्य

नवऱ्याची, चंद्रहासची, बायपास झाली, हातचा गेलेला माणूस परत आला, म्हणून कुमुदनं आखातातल्या फुजैराच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण घातला. पूजा झकास झाली. घोडं अडलं ते निर्माल्यापाशी. ते वाहत्या पाण्यातच सोडायचं, नाहीतर पूजा देवाला पोचली असं तिच्या मनाला वाटेना. आता या वाळवंटात वाहतं पाणी आणायचं कुठून?

शेवटी रविवारी तिघं डोंगरातल्या वादीत, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या घळीत, गेली. थंडीतल्या पावसाचा ओढा तिथे अजून जिवंत होता. लेकीला, ओवीला, शाळेचा प्रोजेक्ट होता: आपल्या भागातले सॅलमँडर, म्हणजे बेडकाचे शेपटीवाले भाऊबंद, ओळखा, ते कुठे राहतात ते लिहा. पुस्तक परदेशातलं, पोरगी फुजैरातली, कपाळ तिचं! तरी बिचारी पाण्यावर वाकून बसली होती.

कुमुदनं डोळे मिटून नवऱ्यासाठी देवाचे आभार मानले आणि पिशवीची गाठ सोडली. तेवढ्यात ओवी ओरडली, "आई, wait! Salamander!"

चार पाय, वर शेपूट. कुमुदला ती पालच वाटली. शेजारच्या खजुराच्या बागेचा मालक यहया तिथे आला, वाकून बघून हसला. सॅलमँडर या देशात नाहीतच, त्यानं हिंदीत सांगितलं. हे बेडकाचं पिल्लू. पाय फुटलेत, शेपूट अजून झडायची आहे. ऊन वाढलं की ओढा आटतो, त्याआधी त्यांना मोठं व्हायचं असतं. पाणी नासलं तर खलास.

मग त्यानं पिशवीत काय आहे ते विचारलं. कुमुदनं नवऱ्याच्या ऑपरेशनपासून सगळं खरं ते सांगून टाकलं. फुलं, हळद, कुंकू, कापूर, सगळं या एवढ्याशा पाण्यात. तिनं पिशवीची गाठ पुन्हा मारली. एका जिवाचे आभार मानायला आली होती आणि इथे केवढे जीव वळवळत होते.

"आता हे कुठे नेऊ, भाईसाब?" तिनं विचारलं.

यहयानं त्यांना बागेत नेलं. आपल्या हातानं खजुराच्या बुंध्याशी खड्डा खणला. कुमुदनं निर्माल्य ठेवलं, त्यानं माती लोटली. मग साहेबांचं नाव विचारलं. ते नीट म्हणता येईना, तर चंद्रहासकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आणि दोन्ही हात पसरून त्या नावासाठी आपल्या भाषेत दुआ मागितली.

पूजा पोचली, कुमुदला वाटलं. चंद्रहासचा हात घट्ट धरून ती तिथेच रडली.