फोमच्या आधीचं वजन

"सही झाली का?" सरांनी दारातूनच विचारलं.

"एक ओळ राहिलीय," ती म्हणाली आणि कॅल्क्युलेटरवर तोच हिशेब चौथ्यांदा केला.

तीन वाजता समिती बसणार होती. दुसऱ्या ग्रहावर जायला रॉकेट एका टप्प्याचं की तीन टप्प्यांचं, हे आज ठरणार होतं. तुलनेचा तक्ता सरांनी केला होता. तपासणाऱ्याच्या रकान्यात तिची सही हवी होती. दोन सह्यांशिवाय या विभागातून कागद बाहेर जात नसे.

तीन टप्प्यांचं रॉकेट रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देतं. एका टप्प्याचं सगळं ओझं शेवटपर्यंत वाहतं. पण त्यात ऐन वेळी सुटावे लागणारे सांधे नसतात. "जो सांधाच नाही तो अडकेल कसा?" सर म्हणायचे. या एका वाक्यावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती, चाळीस माणसं जमवली होती. एकेचाळिसावी ती.

एका टप्प्याचं, शंभर टनांचं रॉकेट. त्या ग्रहापर्यंत पोचायचं तर इंधन जळून गेल्यावर पाच टनच उरायला हवेत. त्यात टाकी आणि इंजिन चार टन, म्हणजे उपकरणांना एक. बेरीज-वजाबाकी चोख होती. तिचा पाय मात्र टेबलाखाली हलायचा थांबत नव्हता. टाकीच्या वजनाची चिठ्ठी सहा तारखेची होती. थंडावा धरणारा फोम टाकीवर चढला तो नऊ तारखेला.

"दशांश, किती चिवडशील?" शेजारचा ड्राफ्ट्समन म्हणाला. तिला सगळे याच नावानं हाक मारत.

ती तडक खाली काटाघरात गेली.

"मामा, टाकी उघडीच तोललीत?"

"उघडीच." काटेवाले मामा चष्मा पुसत होते. "फोम लागल्यावर परत तोलू म्हटलं, तर तुमचे सर म्हणाले, राहू द्या. आमचं काय, सांगाल ते काट्यावर चढवतो. तुम्हालाही चढवू का? फार वाळलात."

"फोमचं वजन किती असेल?"

"झडपा-बिडपा धरून सव्वा टन."

जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. सर तिच्याच टेबलापाशी उभे होते.

"सर, टाकीचं वजन—"

"मामांकडे गेली होतीस."

"हो."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. चारचा आकडा खोडून सव्वापाच लिहिला, उपकरणांच्या रकान्यात उणे पाव. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"तीन टप्प्यांचे आकडेही एकदा बघते, सर. तिथंही काही सुटलं असेल. अजून वीस मिनिटं आहेत."

"बघू नकोस." सर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले; ती सुटलेली नव्हती. "ते मी सात वेळा तपासलेत. कुठं तरी चूक सापडेल म्हणून."

तिनं सही केली.